हस्तिदंती मनोऱ्याचा जिना

गोव्यात मे महिन्याच्या संध्याकाळी खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादीन म्हणतात. खुरीस फुलांनी सजवलेला असतो, मेणबत्त्या तेवत असतात, वाड्यावरची माणसं जमलेली असतात आणि व्हायोलिनच्या साथीवर येशूच्या आईची, मरियेची, एकेक उपाधी लॅटिनमधून गायली जाते. त्यांतली एक ‘तुर्रिस एबुर्नेआ’. म्हणजे हस्तिदंती मनोरा. लादीन आटोपली की उकडलेले चणे वाटतात आणि मंडळी गप्पा मारत घराकडे वळतात.

आणि इकडे कांद्यावर निर्यातबंदी आली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हस्तिदंती मनोऱ्यात बसून धोरणं ठरवता, जरा बांधावर येऊन बघा.’ शब्द तेच. तिथे ती आईची स्तुती, इथे साहेबाला टोला.

व्यवहाराची झळ न लागता आपल्या अभ्यासात, कलेत किंवा विचारांत रमलेल्या माणसाला मराठीत हस्तिदंती मनोऱ्यातला म्हणतात. कूपमंडूक वेगळा. विहिरीतल्या बेडकाला बाहेर जग आहे हेच ठाऊक नसतं. मनोऱ्याला मात्र खिडकी असते. वरच्या माणसाला सगळं दिसत असतं, तरी तो जिना उतरत नाही. म्हणून हा टोला जास्त वर्मी लागतो.

मुळात या शब्दांना एकांताचा वासही नव्हता. बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यात प्रेयसीच्या मानेला हस्तिदंती मनोऱ्याची उपमा दिली आहे. उंच, गुळगुळीत, उजळ मान, एवढाच अर्थ. हस्तिदंत तेव्हा राजेरजवाड्यांच्या घरची चीज होती. इस्राएलच्या अहाब राजाने हस्तिदंती घर बांधल्याचा उल्लेख त्याच बायबलमध्ये येतो. त्याची राजधानी शोमरोन. तिथे 1930 च्या दशकात झालेल्या उत्खननात हस्तिदंताचे शेकडो तुकडे हाती आले. त्यांत कमळं, पंख पसरलेल्या आकृती असं नाजूक कोरीवकाम केलेल्या पट्ट्या आहेत. त्या लाकडी सामानावर जडवलेल्या असत. घर हस्तिदंती म्हणजे हस्तिदंताने मढवलेलं. अख्खा मनोरा हस्तिदंताचा कुणी बांधला नाही, तो कवीच्या मनातच उभा राहिला.

पुढे ख्रिस्ती परंपरेने ही उपमा मरियेच्या निर्मळपणासाठी घेतली. तिच्या उपाध्यांच्या ज्या माळेत हा मनोरा येतो, तिला पोप पाचवे सिक्स्टस यांनी 1587 मध्ये मान्यता दिली. पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या काळात रुजलेल्या प्रार्थनांबरोबर तो गोव्याच्या खुरसापर्यंत पोचला.

आजचा अर्थ मात्र पॅरिसमध्ये जन्मला, 1837 मध्ये. सँत-बव्ह हा फ्रेंच समीक्षक कवीही होता. आपल्या एका पद्यात त्याने दोन समकालीन कवी शेजारी उभे केले. व्हिक्टर ह्यूगो हा चिलखत चढवून रणात झुंजणारा वीर, तर आल्फ्रेद द व्हिन्यी हा दुपार व्हायच्या आतच आपल्या हस्तिदंती मनोऱ्यात परतणारा. या वर्णनात शिवी नव्हती, एका अबोल कवीची ओळख होती. पण शब्द चिकटला. 1872 मध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने रशियन लेखक तुर्गेनेव्हला लिहिलेल्या पत्रात अशाच मनोऱ्यात राहण्याची आपली धडपड सांगितली आणि बाहेरची घाण त्याच्या भिंतींवर आदळतेय अशी तक्रार केली. त्याच्या लेखी तो आसरा होता. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँच्या हास्यावरच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 1911 मध्ये निघाला, त्यात हा शब्दप्रयोग इंग्रजीत दिसतो.

खरी उलथापालथ झाली ती 1930 च्या दशकात. युरोपात हुकूमशहा माजत होते. अशा वेळी लेखकाने, प्राध्यापकाने खिडकी लावून बसणं हा गुन्हा वाटू लागला. आसऱ्याचं नाव आरोपाचं नाव झालं. त्याच सुमारास मराठीतही फडके आणि खांडेकर यांच्या नावांभोवती ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला होता. प्रश्न जवळपास तोच.

आरोप पुष्कळदा रास्त असतो. शेताचा चिखल न पाहता शेतकऱ्याचं भवितव्य ठरवणाऱ्याला कुणीतरी खाली बोलवायलाच हवं. पण हाच शब्द शांतपणे अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर फेकला जातो, तेव्हा ज्याला तो पहिल्यांदा लागला त्या माणसाकडे पाहावं.

व्हिन्यी तरुणपणी सैन्यात अधिकारी होता. 1848 च्या क्रांतीनंतर तो निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. आजारी पत्नीची शुश्रूषा त्याने वर्षानुवर्षं केली. फ्रान्सच्या शारांत भागातल्या मेन-झिरो इथे त्याच्या घराण्याचा वाडा होता. त्या वाड्याला खरोखरच एक मनोरा आहे, हस्तिदंती नव्हे, दगडी. त्यातल्या लहानशा खोलीत तो लिहीत बसे. खाली द्राक्षमळे होते, आणि त्या द्राक्षांपासून कोन्याक गाळण्याच्या भट्टीचा कारभार तो स्वतः पाहायचा.