‘स्टार’ म्हणजे नेमका कोणता? स्क्रू ओळखायची सोपी पद्धत

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आजचा एपिसोड.

आमच्या वाटूर फाट्यावर ‘स्टार पेचकस द्या’ म्हटलं की प्लसवाला हातात येतो. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे सहा टोकांच्या टॉर्क्सलाही ‘स्टार’च म्हणतात. म्हणून नाव सोडा, खाच बघा.

प्लससारखे दिसणारे तीन भाऊ आहेत.

पहिला फिलिप्स. अमेरिकेत 1930 च्या दशकात आला. याची खाच आत निमुळती होत जाते, त्यामुळे जोर वाढला की पेचकस वर सरकतो.

दुसरा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा. हिरो होंडाची सीडी 100 ही 1985 ची गाडी; अशा जपानी डिझाईनच्या जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर हे स्क्रू सापडतात. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर समजा जेआयएस. पण ठिपका प्रत्येकावर नसतो.

तिसरा पोझिड्रिव्ह. प्लसच्या चार हातांच्या मधे चार बारीक रेघा असतात. फर्निचरच्या बिजागऱ्यांवर बघा. याच्या पेचकसावर ‘पीझेड’ लिहिलेलं असतं, फिलिप्सच्या ‘पीएच’.

आता आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो: जेआयएसचा पेचकस बहुतेक वेळा फिलिप्सच्या स्क्रूला चालतो, पण उलटं चालत नाही. फिलिप्सचं टोक लांब असतं. ते जेआयएसच्या तळाला आधी टेकतं, बाजूच्या भिंती नीट पकडत नाही, आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. मग ड्रिल मारून काढा! ऐन पेरणीत गाडी गॅरेजला अडकली तर पेचकसाच्या किमतीपेक्षा ते कितीतरी महागात पडतं.

मोबाईलमध्ये वेगळी गंमत. आयफोनच्या खालच्या कडेला पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू असतात. तिथे टॉर्क्स घुसवू नका.

मग निवडायचा कसा? खाचेतली माती, गंज साफ करा. बसेल तो सगळ्यात मोठा साईज घ्या. सुटा स्क्रू असेल तर टोकावर लावून पेचकस आडवा धरा. स्क्रू डुलला किंवा पडला, तर जोडी चुकली. घट्ट स्क्रूला आधी दाब द्या, मग फिरवा. पेचकस पहिल्यांदा घसरला की तिथेच थांबा. दुसऱ्यांदा जोर लावू नका, टोक बदला.

तुमच्या गाडीच्या स्क्रूवर ठिपका आहे का? आजच बघा, आणि कळवा!