उरलेल्या इंजेक्शनांचा हिशेब

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली. दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. नुसत्या जागेवर ती चालली नसती; व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून पट्टी बसवून घेतली, म्हणून चालली. खर्च रोजचा, तर उत्पन्नही रोजचे हवे, हे त्या पेढीवाल्यांना उमगले होते.

आज आपण आजारी श्वान निवाऱ्यात पोहोचवतो आणि समाधानाने घरी परततो. खरा खर्च तेथून पुढे सुरू होतो. भटक्या कुत्र्यांत आढळणारी सांसर्गिक गाठच घ्या. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण चार ते सहा इंजेक्शने लागतात, शिवाय मधून मधून रक्ततपासणी. बहुतेक प्राणी पूर्ण बरे होतात. मात्र पैशांअभावी तिसरे इंजेक्शन चुकले, तर आधीची दोन्ही वाया जाण्याची भीती असते.

पर्युषणात जीवदयेसाठी आपण सढळ हाताने देतो, हे खरेच. पण औषधाच्या बिलाला पर्व कळत नाही. पुढच्या वेळी निवाऱ्यात जाल, तेव्हा डॉक्टरांना एवढेच विचारा: कोणाची किती इंजेक्शने बाकी आहेत?