आबोमेच्या अगोजी
कोटोनू (बेनिन)

कोटोनूत समुद्राकाठी ३० मीटर उंचीचा एका सैनिक स्त्रीचा पुतळा आहे. हातात बंदूक आणि आखूड तलवार. २०२२ साली त्याचे अनावरण झाले आणि बघता बघता तो देशाची ओळख बनला. बायका-मुली इथे आवर्जून फोटो काढून घेतात.

ही अगोजी, म्हणजे दाहोमे राज्याच्या स्त्री-फौजेतली शिपाई. राजधानी होती इथून उत्तरेला असलेले आबोमे. राजवाड्याच्या पहाऱ्यावरच्या या बायकांना राजा गेझोने (१८१८ ते १८५८) खड्या फौजेचे रूप दिले. बंदूकवाल्या, धनुर्धारी, हत्तीच्या शिकारी अशा त्यांच्या तुकड्या होत्या. काटेरी फांद्यांचा उंच बांध अनवाणी चढून जायचा, रक्तबंबाळ झाले तरी थांबायचे नाही, अशी त्यांची कवायत युरोपीय पाहुण्यांनी लिहून ठेवली आहे. नावाला त्या राजाच्या बायका, त्यामुळे लग्न, मुलेबाळे वर्ज्य. मानमरातब मात्र मोठा.

१८९० मध्ये याच कोटोनूत त्या फ्रेंचांवर चालून गेल्या. १८९२ मध्ये फ्रेंच कर्नल डॉड्सची फौज आबोमेकडे निघाली, तेव्हा झटपट गोळ्या झाडणाऱ्या नव्या रायफलींसमोर त्या बंदुका आणि सुरे घेऊन भिडल्या. शेकड्यांनी पडल्या. त्यांचे शौर्य शत्रूच्या अधिकाऱ्यांनीही मान्य केले. नोव्हेंबरात आबोमे पडले आणि पुढे ही फौज संपली.

पण कोटोनूहून पश्चिमेला विदाहचा किनारा आहे. दाहोमेच्या फौजांनी, त्यात अगोजींनीही, शेजारच्या गावांवर छापे घालून पकडलेली माणसे गुलाम म्हणून विकून इथे जहाजांवर चढवली जात. त्यांच्या बदल्यात बंदुका आणि दारूगोळा येई. किनाऱ्यावर त्या माणसांचे स्मारक म्हणून मोठी कमान उभारली आहे. पकडणाऱ्यांचे आणि पकडले गेलेल्यांचे वंशज आजही या देशात शेजारी म्हणून नांदतात.

बाई लढू शकते का, याचा निकाल आबोमेने केव्हाच दिला आहे. पण ती कोणासाठी आणि कोणाविरुद्ध लढली, हेही पुरुष सैनिकाला विचारतो तितक्याच रोखठोकपणे विचारले पाहिजे. देवी करून तिला मखरात बसवले, की हा प्रश्न बुडतो. बेनिनच्या मुलांना हा पुतळा दाखवावाच, आणि त्याच सहलीत विदाहलाही न्यावे, असे मला मनापासून वाटते. अगोजींना सैनिक म्हणून पुरता मान द्यायचा, तर त्यांचा इतिहासही पुरता सांगायला हवा.