बाटलीतला पाळणा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? दिवाळीच्या तोंडावर फुलबाजारात पिवळ्या शेवंतीचा ढीग पाहिला, की म्हणीतले सोने प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते!

पण वाचकहो, शेवंती पिकविणाऱ्याची खरी परीक्षा दिवाळीत नसते. ती असते चैत्र-वैशाखात. जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ काढली. शेवंतीपुढे मात्र बियाण्यांची मात्रा चालत नाही. बी पेरले तर आईसारखी लेक निपजेलच, याचा भरवसा नाही. म्हणून फुले संपली की शेतकरी झाड छाटतो, बुंध्याशी फुटणाऱ्या काश्या जपतो आणि उन्हाळ्यात त्याच पुन्हा लावतो.

येथेच दोन शत्रू टपलेले असतात. पहिला पाणीटंचाईचा. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. तेथे वाफाभर काश्यांना कोण विचारतो? काश्या गेल्या, की पुढची दिवाळी गेली. दुसरा शत्रू रोगाचा. आईच्या अंगातला विषाणू काशीबरोबर लेकीकडे जातो आणि दर वर्षी झाड खुजे, फूल बारीक होत जाते.

या दोन्हींवर तोड आहे ऊतिसंवर्धनाची. वनस्पतीची एकेक पेशी वेगळी काढून जगवता येईल, ही कल्पना हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. १९५२ साली मोरेल व मार्टिन या फ्रेंच संशोधकांनी शेवंतीच्याच कुळातल्या डेलियाचे सूक्ष्म शेंडे वाढवून विषाणुमुक्त झाडे मिळविली. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाशी विषाणू सहसा पोचलेला नसतो, हे त्यातले मर्म. पुढे १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी अशा रोपांचा ‘खुराक’ ठरवून दिला. तोच आजही प्रयोगशाळांतून वापरतात.

कृती ऐकायला सोपी आहे. निरोगी शेवंतीचा इवलासा शेंडा घ्यायचा, जंतुनाशकात धुवायचा आणि साखर, क्षार व संजीवके घातलेल्या, अगरने थिजविलेल्या खुराकावर बाटलीत ठेवायचा. बाटली आधीच वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली असते; कारण बुरशीचा एक कण शिरला, की सारा खेळ खलास! सुमारे २५ अंश उष्णता आणि रोज १६ तास उजेड मिळाला, की काही आठवड्यांत फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हा बाटलीत. समजा, दर महिन्याला एकाचे चार झाले, तर सहा महिन्यांत हिशेबाने ४,०९६ होतात. आणि एवढ्या साऱ्यांना पाणी? बाटलीमागे चार-दोन चमचे!

मात्र बाटलीतले बाळ फार नाजूक. बाहेरचा वारा त्याला सोसत नाही. दमट सावलीत काही आठवडे सवय लावूनच ते शेतात न्यावे. रोप काशीपेक्षा महागही पडते. शिवाय सर्व रोग शेंडा घेतल्याने जातातच असे नाही. म्हणून मातृवृक्षाची तपासणी झाली आहे का, हे विचारल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

लहान शेतकऱ्याने सारे रान या रोपांनी भरण्याचे कारण नाही. थोडी रोपे आणून ती मातृरोपे म्हणून वेगळ्या वाफ्यात जपावीत आणि त्यांचे शेंडे छाटून घरच्या घरी कलमे करावीत.

जालन्याचा सोन्याचा पाळणा आता काचेच्या बाटलीतही हलू शकतो. त्यातले बाळ बाहेर आणून वाढवायचे, ते मात्र आपल्याच मातीत!