अंदाजामागची मोजणी

रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुंबई, नागपूर, पणजी येथून हवामान खात्याचा एकेक फुगा आकाशात झेपावतो. त्याला बांधलेले रेडिओसाँड नावाचे छोटे यंत्र तापमान, आर्द्रता, दाब आणि वाऱ्याच्या नोंदी खाली पाठवत राहते. साधारण 30 किलोमीटर उंचीवर फुगा फुटतो. त्याच वेळेला जगभरात शेकडो ठिकाणी असेच फुगे सोडलेले असतात.

या नोंदींत जमिनीवरची केंद्रे, जहाजे, समुद्रातले तरंगते बोये आणि प्रवासी विमाने यांची भर पडते. सुमारे 36,000 किलोमीटरवरून इन्सॅट-3डीएस हा भारतीय उपग्रह ढगांवर नजर ठेवतो. जागतिक हवामान संघटनेचे सदस्य देश ही माहिती एकमेकांना देतात. पुण्यावर चार दिवसांनी बरसणारे ढग अजून जन्मलेलेही नसतात. त्यांना लागणारे बाष्प अरबी समुद्रापलीकडून येते. एकट्या देशाला आपला अंदाज बांधताच येत नाही.

आकडेमोडीने हवामान वर्तवण्याची रीत लुइस फ्राय रिचर्डसन यांनी 1922 साली ग्रंथरूपाने मांडली. सहा तासांतला बदल हाताने काढायला त्यांना कित्येक आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. पद्धत मात्र टिकली. आज वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येकातली पुढची स्थिती महासंगणक काढतो. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये हा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. त्यामागचा ‘अर्क’ महासंगणक पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे. सुरुवातीची स्थिती थोडीथोडी बदलून गणित अनेकदा केले जाते. बहुतेक उत्तरे जुळली तर खात्री वाढते, फाकली तर कमी होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी प्रारूपेही गेल्या काही दशकांच्या नोंदींवरच शिकली आहेत.

नोंदी विरळ असतील तर काय होते, हे मुंबईने 26 जुलै 2005 रोजी अनुभवले. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. जेमतेम 25 किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73. तेव्हा शहराकडे डॉपलर रडार नव्हते. ढगांत पावसाचे थेंब किती आणि ते कोणत्या दिशेने सरकत आहेत, हे असे रडार दर काही मिनिटांनी दाखवते.

मोबाइलवरची बहुतेक हवामान अ‍ॅप्स याच सार्वजनिक नोंदींवर आणि सरकारी केंद्रांच्या गणितावर उभी आहेत. म्हणून अंदाज चुकला की केवळ संगणकाला बोल लावून भागत नाही. आपल्या महसूल मंडळातले पर्जन्यमापक मोकळ्या जागी आहे का, झाडाच्या आडोशाला तर नाही ना, ते चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारायला हवे. अतिवृष्टीची मदत त्याच आकड्यावर ठरते आणि उद्याचा अंदाजही अशाच आकड्यांतून सुधारतो. मोजणीवर खर्च करायला कुचराई करणाऱ्या समाजाला अचूक अंदाज मिळणार नाही.