टोळी आली, पट वाढला

दिवाळी उलटली की भीमेच्या दोन्ही काठांवर ऊसतोड सुरू होते. अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. पाटस, आलेगावकडे कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात आणि बीड, अहिल्यानगर, जळगावकडून टोळ्या येऊन उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल आणि कडेवर-बोटाला मुले. गावी सांभाळणारे कोणी नसले की मुले फडावरच येतात. आपल्या बांधालगत कोप्या उभ्या राहतात, ते आपण दरवर्षी पाहतो. त्याच आठवड्यात जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींपुढे काय वाढून ठेवलेले असते, ते मात्र फारसे कोणी पाहत नाही.

पूर्वी बऱ्याच कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरत. बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि अशा मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत, वयाला शोभेल त्या वर्गात बसवावे, असे ठरले. धोरण योग्यच आहे. वेगळ्या शाळेत वेगळी मुले हे काही बरे नव्हते. पण वस्तीवरच्या शाळा बहुधा दोनशिक्षकी. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, हे प्रमाण कायद्यातच आहे. म्हणजे एका गुरुजींकडे दोन-तीन वर्ग आधीच असतात. त्यात नोव्हेंबरात दहा-बारा नवी मुले. त्यांतला एखादा दहा वर्षांचा मुलगा चौथीत बसतो, पण मागच्या वर्षी निम्मे दिवस दुसऱ्याच तालुक्यात होता. त्याला जोडाक्षर अडते. घरी गोरमाटी बोलणारी मुलगी शाळेतले मराठी ऐकून पहिले आठ दिवस तोंड उघडत नाही. दौंडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातून कामगार येतात आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीभोवती परप्रांतातली कुटुंबे राहतात. तिकडे हीच अडचण हिंदीची.

मूल शाळेत आणणे हीच पहिली लढाई. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण कोपीवर राहते. गुरुजी किंवा बाई स्वतः कोप्यांवर जाऊन समजूत काढतात. मग कित्येकदा ती मुलगी धाकट्याला कडेवर घेऊनच वर्गात येते, आणि शहाणे शिक्षक त्याला हाकलत नाहीत. दुपारचा खिचडीभात पुष्कळांना टिकवून धरतो, हेही खरे. पहिली ते पाचवीसाठी दर मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीसाठी 150 ग्रॅम, असा हिशेब असतो आणि तोही शाळेलाच ठेवावा लागतो.

येण्याजाण्याचीही भीती आहे. शिरूरच्या पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने लहान मुलांचे जीव घेतले. उसाच्या कडेला कोपी, आणि उसातूनच शाळेची पायवाट. अशा वेळी मुलांना एकत्र जमवून रस्त्यापर्यंत पोचवणे हेही शिक्षकाच्याच वाट्याला येते.

त्यावर कागद आहेतच. तरुण शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. ते 2023 मध्ये 6,000 वरून 16,000 रुपये झाले, तेव्हा कुठे थोडा श्वास घेता आला. जुन्यांची झोप आता पात्रता परीक्षेने उडवली आहे. सेवेची पाचापेक्षा जास्त वर्षे उरलेल्यांनी ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल आहे. पंचेचाळिशीतला माणूस दिवसा मुलांना बेरीज शिकवतो आणि रात्री स्वतः अभ्यासाला बसतो.

मग या नोकरीत सुख कोणते? शिरूर तालुक्यातली, शिक्रापूरजवळची वाबळेवाडीची शाळा अनेकांनी पाहिली असेल. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी मिळून ती उभी केली. पुढे याच गुरुजींची खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीच्या पुरस्काराची मानकरी ठरली. पाहून आलेले लोक वाबळेवाडीच्या काचेच्या वर्गांविषयीच बोलतात. आम्हाला मात्र गाव शाळेला आपली म्हणाले, हे अधिक मोलाचे वाटते. फक्त त्या ‘आपल्या’ शाळेत कोपीवरचे मूलही बसते का, हे विचारायला हवे.

ज्यांचे नाव कुठेच छापून येत नाही, त्या शिक्षकांचे सुख याहून लहान असते. नोव्हेंबरात मुकी बसलेली मुलगी फेब्रुवारीत फळ्यावरचे वाक्य मोठ्याने वाचते. पुढच्या हंगामात तीच टोळी आली, तर कोपी बांधून होण्याआधी ती शाळेच्या दारात उभी असते.

ऊस आपला, फड आपला. तेव्हा थोडे काम आपल्याकडेही येते. टोळी उतरली की त्याच दिवशी शाळेत निरोप द्यावा. जागा असेल तर कोप्या शाळेच्या वाटेवर घालू द्याव्यात. शाळेच्या वेळेत मुलांना वाढे गोळा करायला लावू नये, हे मुकादमाला मालकाने सांगितले तर तो ऐकतो. गुरुजींचे ऐकेलच असे नाही. आणि पट्टा पडायची तारीख आधी कळवावी. टोळी पुष्कळदा रातोरात गाडी भरून निघते आणि मुलाचे शिक्षण हमी कार्ड गुरुजींच्या कपाटात राहून जाते. ते बरोबर गेले, तर गावाकडच्या शाळेला मूल कुठवर शिकले आहे हे कळते.