चुकलेलं उत्तर हे लक्षण आहे

कळसाडीच्या एका आजींनी ओपीडीत बाहेरगावी शिकणाऱ्या नातवाची वही माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टरसाहेब, याच्या डोक्यात काही शिरत नाही. टॉनिक लिहून द्या."

पानभर लाल फुल्या. ५२ वजा २७, उत्तर ३५. ८१ वजा ४६, उत्तर ४५. ९४ वजा ३८, उत्तर ६४. नीट पाहा, तिन्ही ठिकाणी चूक एकच आहे. वरचा असो की खालचा, मुलगा मोठ्या अंकातून लहान अंक काढतो. हातचा घेणं तेवढं कळलेलं नाही. नजर, कान, हिमोग्लोबिन तपासलं. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलची तपासणीही टाळता येत नाही. सगळं ठीक होतं.

ताप मोजून केसपेपरवर लिहिला आणि उपचारच केले नाहीत, तर काय उपयोग? राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातलं आकारिक मूल्यमापन मूल कुठे अडलं हे शिकवतानाच ओळखण्यासाठी आहे. पण शिक्षकांचा वेळ रकाने भरण्यात जातो. (आम्हा सरकारी डॉक्टरांना हे दुःख वेगळं सांगायला नको.)

शिवाय आठवून सांगण्यानं स्मरण पक्कं होतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे दाखवलं. उतारा दोनदा वाचलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवला. एकदा वाचून मग न बघता लिहिलेल्यांना ५६ टक्के. घरीही वही मिटून विचारता येतं, आज काय शिकलास?

टॉनिक दिलं नाही. गुरुजींसाठी चिठ्ठी दिली: दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून हातचा पुन्हा दाखवावा.